त्रिवेणीच्या नंबरानंतरची खरखर

कोठीच्या बाजारात, पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत हिम्मतरावांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं, आणि हिम्मतरावांना हात लांब करायचा झाला तर पहिल्याला म्हणायचं, "जरा सरका." पण त्या खुराड्याचा दबदबा असा, की अफझलगंजपासून मलकपेठपर्यंत कुठल्याही देवळातला किंवा लग्नाच्या मांडवातला अँप्लिफायर बसला, तर माणसं तो डोक्यावर घेऊन इथंच यायची.

डोक्यावर घेऊन, कारण हिम्मतराव कुणाच्या दारी जायचे नाहीत. तीस वर्षांत गेले नाहीत. "रोगी डाक्टराकडं येतो," ते म्हणायचे, "का डाक्टर हिंडतो गल्लोगल्ली?" एका मंत्र्याच्या माणसानं एकदा सभेच्या मैदानावर चला म्हणून गाडी आणली, तर यांनी गाडीवाल्याला चहा पाजून परत पाठवला. हट्टी माणूस. हट्टाला ते तत्त्व म्हणायचे, आपण सगळेच म्हणतो.

मूळ गाव देगलूरकडचं. घरी ज्वारी, तूर, आणि चार भावांत वाटून उरेल एवढी जमीन. दहाव्या वर्षी चुलत्यानं शिकायला हैदराबादला आणलं. उर्दू शाळेत हिशेब जमेना, अक्षर जमेना, पण शेजारच्या जब्बारमियाँच्या रेडिओच्या दुकानात पोरगं तासन्‌तास उभं. शेवटी उस्तादांनीच आत बोलावलं. उस्ताद डोळे मिटून रेडिओ ऐकायचे आणि म्हणायचे, "पेट में गॅस है इसके." म्हणजे कंडेन्सर गेलाय. हिम्मतराव तेच शिकले. आवाज ऐकायचा, बिघाड ओळखायचा, मग झाकण उघडायचं. खरखर किती तऱ्हेची असते हे त्यांच्याकडून ऐकावं. तारेची झाळ निघाल्याची कडकड वेगळी, अर्थिंग नसल्याची गुणगुण वेगळी, आणि पार्ट थकल्याची सूं सूं वेगळी.

पण दिवस बदलायला लागले होते. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. समोरच्या, रेडिओचे व्हॉल्व्ह विकणाऱ्या मारवाड्यानं व्हॉल्व्ह भंगारात घातले आणि काचेच्या कपाटात पेजर मांडले. पूर्वी सिंगापूरहून कुणाच्या तरी पेटीत कपड्यांखाली लपून येणारा माल आता राजरोस बाजारात दिसायला लागला. हिम्मतरावांनी हातानं बांधलेले अँप्लिफायर अजून चालत होते, पण नवा कुणी मागत नव्हतं. सून रेणू एकदा म्हणाली, "मामंजी, तुम्ही पेजर का नाही ठेवत?" तर म्हणाले, "पेजरला कान असतो का?" रेणूला उत्तर कळलं नाही, पण तिनं पुन्हा विचारलं नाही.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर दिलीपरावांनी मलकपेठच्या महिला भजनी मंडळाला एक डबा भेट दिला. दिलीपराव पुण्याचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत, बायको सुजाता, दीड वर्षाची तन्वी. कंपनीच्या कामाला सिंगापूरला गेले होते, तिथून आणला. मिक्सरही त्यातच, अँप्लिफायरही त्यातच, आणि वर इको. पूर्वी या तीन गोष्टींना तीन खोकी आणि हिम्मतरावांचे चार दिवस लागायचे. बायकांना मिक्सर म्हटल्यावर आधी चटणी आठवली, हसून झालं, आणि मग त्याचं नाव पडलं इकोचा डबा. इको लावला की साधं "श्री दत्त" म्हटलं तरी गाभाऱ्यातून आल्यासारखं वाटे. मंडळाच्या प्रमुख सुशीलाबाई तर पहिल्या दिवशी आपलाच आवाज ऐकून दोन मिनिटं गायच्या थांबल्या होत्या.

दर गुरुवारी दुपारी दत्ताच्या देवळाच्या सभामंडपात मंडळ बसायचं. माईक एकच चांगला होता, तो हातोहात फिरायचा. आधी सुशीलाबाई, मग सुजाता, मग त्रिवेणी, मग हिम्मतरावांची बायको सावित्रीबाई, मग कुसुमताई. डब्याची बटणं फिरवायला रेणू. तंत्राच्या घरात दिलेली म्हणून हे काम आपसूक तिच्याकडे आलेलं.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारपर्यंत डब्याचा बिघाड सगळ्यांच्या लक्षात आला. सुरुवातीला छान चालायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासानं इकोत अशी खरखर यायची की अभंगापेक्षा तीच मोठी. सूं करून सुरू व्हायची, पंख्याची घरघर, टाळांचा खळखळाट सगळं तिच्यात घोळून घोळून परत यायचं. दत्तजयंती तीन आठवड्यांवर आलेली. त्या दिवशी शहरभरातली मराठी माणसं जमायची. सुशीलाबाईंनी डबा रिक्षात घातला आणि कोठीला पाठवला.

हिम्मतरावांना आतून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. फॉरेनचा डबा शेवटी त्यांच्याच पायरीला आला होता. त्यांनी झाकण उघडलं. आत सगळं मुंगीएवढं. नकाशा नाही, कुठल्या पार्टचं नाव नाही. पण आवाज तो आवाज. त्यांनी बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून माईकच्या जागी बंद पिन खोचली, इको पूर्ण वाढवला आणि कान लावला. सूं थोडी होती, पण बटण कळसाला नेल्यावर कुठल्याही मशीनला असते तेवढीच. वायरी बदलून पाहिल्या. अर्थिंग पाहिलं. व्होल्टेज कमी-जास्त करून पाहिलं. गरम झाल्यावर बिघडतो म्हणून शंभरचा बल्ब झाकणाशी टांगून डबा भाजून काढला, आणि स्पिरिटचा बोळा एकेका पार्टवर ठेवून पुन्हा गार केला. तीन दिवस हेच. डबा ठणठणीत.

"कुठं बिघडतो मग?" त्यांनी घरी रेणूला विचारलं. "नेमका कधी?"

रेणूनं विचार केला. "त्रिवेणीमावशींचा नंबर झाला की, मामंजी. दर वेळी."

आता त्रिवेणी कोण ते सांगायला हवं. ती एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. तन्वी झाली तेव्हा सुजाता तिथं होती आणि पहाटे वॉर्ड पुसताना ही बाई गुणगुणायची ते तिनं ऐकलं. सुट्टी मिळाल्यावर तिला शोधून मंडळात आणलं. उदगीरकडची, पस्तिशीची, आवाज असा की पहिल्याच ओळीला मंडपातली चुळबुळ थांबायची. पुण्याच्या सुजाताला बाकी काही कळलं नसेल. पण जुन्या बायकांना तिचं आडनाव ऐकून सगळं कळलं होतं. कुणी काही बोललं नाही. सुशीलाबाई तर म्हणाल्या होत्या, "देवाच्या दारात सगळे सारखे." आणि तिला तिसरा नंबर दिला.

हिम्मतरावांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि निदान केलं. त्रिवेणीचा आवाज जबर. माईक तोंडाशी धरून खुल्या गळ्यानं गाते. त्या आवाजाचा भार इकोच्या नाजूक पार्टवर येतो, तो तापतो, आणि तिच्यानंतर डबा थकतो. खरं सांगायचं तर हे निदान त्यांना स्वतःलाच थोडं ओढूनताणून वाटत होतं. दुकानात त्यांनी रेडिओ फुल करून त्याच पार्टवर भार टाकला होता, तो थकला नव्हता. पण तीन दिवस उघडून बसलेल्या मशीनला काही झालेलंच नाही, असं कोठीच्या हिम्मतरावांनी कोणत्या तोंडानं सांगायचं? रोग दिसला नाही की वैद्य पथ्य सांगतो. त्यांनी निरोप पाठवला: त्रिवेणीबाईंचा नंबर शेवटी ठेवा.

पुढच्या गुरुवारी त्रिवेणी शेवटी गायली. डब्यानं हूं की चूं केलं नाही. सुशीलाबाईंनी देवळातून नारळ पाठवला, सावित्रीबाई घरी येऊन म्हणाल्या, "ह्यांचा हात लागला की झालंच." हिम्मतरावांनी मान हलवली. कुसुमताईंनी त्यापुढचं पाऊल टाकलं होतं. दत्तजयंतीला बाहेरची मंडळी लांबून येतात, शेवटपर्यंत कुणी बसत नाही, तर त्रिवेणीला त्या दिवशी टाळावरच ठेवलं तर? हिम्मतरावांनीच सांगितलंय ना, तिच्या आवाजात खोट आहे म्हणून. सुशीलाबाई म्हणाल्या, बघू.

शुक्रवारी दुपारी त्रिवेणी दुकानात आली. ड्यूटी संपवून सरळ आलेली, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी.

"काका, म्या त्रिवेणी. माझ्या आवाजानं मशीन बिघडतंय म्हणं."

हिम्मतराव जरा वरमले. तक्रार करायला आली असेल, असं त्यांना वाटलं. पण बाईच्या चेहऱ्यावर तक्रार दिसेना.

"बिघडत नाही," ते म्हणाले. "थकतं."

"तेच. तर ते थकू नाही म्हणून कसं गावं, ते सांगा. हल्लू गाऊ का? माईक किती लांब धरू? म्या रोज घरी करून बघलालेय, पण मशीनशिवाय कसं कळावं? दत्तजयंतीला मला टाळावर ठिवणार म्हणं. त्याच्या आत आवाज सुधारला तर सुशीलाबाई गाऊ देतील. मला त्या दिवशी गायचंय, काका. माझी पोरगी यायलीय ऐकायला."

डबा अजून एकदा तपासायला म्हणून दुकानातच आला होता. हिम्मतरावांनी तो लावला, माईक तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "गा. नेहमी गातीस तशी."

ती पायरीवर बसून गायली. गल्लीतली माणसं थांबली. पेजरवाला बाहेर आला. हिम्मतरावांनी डोळे मिटले, पण आज बिघाड ऐकायला मिटले होते हे ते विसरले. एक पद झालं, दोन झाली, पाच झाली. तास होत आला. त्यांनी डब्यावर हात ठेवला. कोमट. इको पूर्ण चढवला. तिच्या आवाजामागं स्वच्छ शांतता. खरखरीचा मागमूस नाही.

"थकलं का?" तिनं विचारलं.

"अजून नाही," हिम्मतराव म्हणाले. "गुरुवारी बघतो मी. येतो तिथं."

आणि ते गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा हिम्मतराव मशीनच्या दारी गेले. सावित्रीबाईंना आश्चर्य वाटलं, सुशीलाबाईंनी खुर्ची टाकली. त्यांनी सांगितलं, तपासायचं आहे, आज जुन्याच क्रमानं गा. मग खांबाला टेकून बसले आणि सवयीनं डोळे मिटले.

सुशीलाबाई गायल्या. स्वच्छ. सुजाता गायली, जरा बेसूर, पण स्वच्छ. त्रिवेणी गायली. मग सावित्रीबाईंनी सुरुवात केली आणि दोन ओळींत खरखर उठली. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कुसुमताई म्हणाल्या, "बघा, परत." हिम्मतराव ऐकत राहिले. खरखर ओळखीची होती, पण तिचं नाव सापडेना. पार्ट थकल्याची नव्हती. अर्थिंगची नव्हती. बटण कळसाला नेल्यावर येते ती होती. दुकानात त्यांनी स्वतःच ऐकली होती ती.

मग त्यांनी डोळे उघडले.

रेणूचा हात बटणांवर होता. आवाजाचं बटण शेवटच्या आकड्याला, इकोचंही शेवटच्या आकड्याला. आणि सावित्रीबाईंनी माईक धरला होता पदराच्या टोकानं, छातीच्याही खाली, तोंडापासून हातभर लांब. मान थोडी मागं घेतलेली. त्यांचं पद संपलं तेव्हा माईक कुसुमताईंकडे गेला. त्यांनीही पदर पुढं केला आणि तो तसाच हातभर लांब धरला.

हातभर लांबून आवाज माईकपर्यंत पोचणार कसा? पोचत नाही म्हणून रेणू बटण वाढवणार. बटण वाढवलं की माईकला बाईचा गळा सोडून पंखा, टाळ, मंडपातला खोकला सगळं ऐकू येणार, आणि इको ते दहा वेळा परत फेकणार. यात डब्याचा काय दोष? डबा तर सांगितलेलं काम इमानानं करत होता.

सुशीलाबाईंनी ओठाशी धरलेला माईक सुजातानं ओठाशी धरला होता. सुजातानं ओठाशी धरलेला त्रिवेणीनं. तिथवर कुणाला काही वाटलं नव्हतं.

"काय निघालं, भाऊजी?" सुशीलाबाईंनी विचारलं.

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्रिवेणीही. हिम्मतरावांनी बायकोकडे पाहिलं, आणि तोंडाशी आलेलं गिळलं. "बघतो," म्हणाले. "अजून बघावं लागेल." घाबरले, दुसरं काय. मंत्र्याच्या माणसाला न घाबरणारा माणूस स्वतःच्या घरातल्या बाईसमोर घाबरला.

वाटेत रेणूला ते रागानं म्हणाले, "तुला दिसत नव्हतं? मला सांगायचं नाही?"

रेणू चालता चालता म्हणाली, "तुम्ही मशीन कधी बिघडतं ते विचारलं होतं, मामंजी. का ते नाही. आणि आत्याबाईंचं मी, सुनेनं, कसं सांगणार?"

घरी जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. सावित्रीबाई भांडी लावत होत्या.

"माईक लांब का धरतीस?"

"कुणी, मी?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "दवाखान्यातली बाई आहे ती. दिवसभर कुठं कुठं हात घालते. ओठ लावलेलं असतं त्याला."

"सुजाताचेही ओठ लागतात."

"सुजाताचं वेगळं."

"काय वेगळं?"

सावित्रीबाई वळल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. रेणूच्या बाळंतपणात चाळीस दिवस जमिनीला पाठ टेकली नव्हती त्यांनी. शेजारच्या तेलुगू अम्माला रोज ताक पाठवायच्या. "तुम्ही मला शिकवू नका," त्या म्हणाल्या. "ती तासभर तुमच्या दुकानात बसून गायली म्हणालात. चहा पाजलात का तिला?"

हिम्मतरावांना ती दुपार आठवली. चार वाजता इराण्याच्या हॉटेलातला चहाचा पोऱ्या आला होता. गिऱ्हाईक बसलेलं असलं की ते न विचारता दोन बोटं दाखवायचे. साऱ्या गल्लीला माहीत होतं, हिम्मतरावांकडून चहाशिवाय कुणी परत जात नाही. त्या दिवशी त्यांनी एक बोट दाखवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मनात काही आणलं नव्हतं. बोट आपोआप एकच वर झालं. ती गात होती आणि ते पीत होते.

त्या आठवड्यात त्यांनी फार कमी काम केलं. एक रेडिओ उघडून ठेवला आणि तसाच राहू दिला. आवाज ऐकून बिघाड ओळखतो म्हणून तीस वर्षं मिरवलं, आणि बिघाड एवढा समोर असून एका बाईच्या गळ्यावर ढकलून मोकळे झालो, याची त्यांना लाज वाटत होती. त्यातही आपला बिघाड बायकोनं दाखवला याची जास्त.

दत्तजयंतीला दुपारी, लोक यायच्या आधी, सगळ्या बायका मंडपात सतरंज्या घालत होत्या. हिम्मतराव डबा जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "सुशीलाबाई, दोन मिनिटं बोलायचंय. सगळ्यांनी ऐका."

सुशीलाबाई म्हणाल्या, "आता ऐन वेळी नवीन काही नको हो."

"नवीन नाही. जुनंच आहे. मी चुकलो. त्रिवेणीच्या आवाजात काही खोट नाही. डब्यातही नाही. ती माईक तोंडाशी धरते, म्हणून तिचं स्वच्छ येतं. तिच्यानंतर तुम्ही सगळ्या तो हातभर लांब धरता, पदरानं. म्हणून बटण वाढवावं लागतं, म्हणून खरखर येते. ती शेवटी गायली की मागं कुणी उरत नाही, म्हणून त्या दिवशी खरखर आली नाही. आमच्या घरातूनही लांबच धरला जातो, ते मी आधी सांगतो. आणि मी काही वेगळा नाही. पण मशीनचं नाव पुढं करून मी तिला मागं ढकललं, ते मला परत घ्यायचंय. तिला तिच्या जागी गाऊ द्या."

सुजाताचा चेहरा लाल झाला, तिला बहुधा आत्ताच कळत होतं. कुसुमताई सतरंजीची सुरकुती काढत राहिल्या. सावित्रीबाई आत प्रसादाकडे गेल्या. त्रिवेणी टाळांच्या दोऱ्या सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. शेवटी सुशीलाबाई म्हणाल्या, "बरं. तिसरा नंबर." आणि घाईनं समया पुसायला लागल्या.

कार्यक्रमाला मंडप भरला. हिम्मतरावांनी रेणूला बाजूला बसवलं आणि बटणं स्वतःच्या हाताखाली घेतली. सुशीलाबाईंच्या आवाजाला जिथं ठेवली, तिथंच ठेवायची, हे त्यांनी ठरवलं होतं. त्रिवेणी गायली. मागच्या रांगेत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी राहून ऐकत होती, आईसारखंच रुंद कपाळ. पद संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, देवळात वाजवत नाहीत तरी वाजवल्या.

मग सावित्रीबाईंचा नंबर. त्यांनी पदर पुढं केला, माईक उचलला आणि हातभर लांब धरून गायला लागल्या. काही ऐकू येईना. पहिली रांग कान देऊन बसली, मागची बोलायला लागली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हिम्मतरावांचा हात बटणावर होता. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी या बाईला चारचौघांत कधी उघडं पडू दिलं नव्हतं, आणि आत्ता हात नुसता अर्धा इंच फिरवायचा होता. तो त्यांनी फिरवला नाही.

दुसरं कडवं तसंच हवेत गेलं. तिसऱ्याला माईक जरा वर आला. मग अजून थोडा. हनुवटीशी येऊन चार बोटांवर थांबला, पदरासकट. त्याहून जवळ आला नाही. पण आवाज लागला, आणि मागची रांग गप्प झाली. कुसुमताईंनी तो सहा बोटांवर धरला. खरखर आली नाही.

आरती झाली, प्रसाद वाटला, माणसं पांगली. हिम्मतराव वायरी गुंडाळत होते. मन हलकं झालं होतं. घरी गेल्यावर अबोला आहे हे माहीत होतं, पण आपण एक काम नीट दुरुस्त केलं, असं त्यांना वाटत होतं. त्रिवेणी माईक घेऊन आली. तिनं तो त्यांच्या हातात दिला.

"चांगलं गायलीस," ते म्हणाले. "आता कुणी तुझ्या आवाजाला नाव ठेवणार नाही."

"व्हय." ती थोडी थांबली. मुलगी दाराशी चपला घालत होती. "काका, ते माईक लांब धरत्यात, ते मला पयल्या गुरुवारपासून म्हाईत होतं. मला दिसणार न्हाई तर कुणाला दिसंल? मग तुमचा निरोप आला, की आवाजातच खोट हाय. म्या घरी जाऊन पोरीला सांगितलं, आगं, आवाजाचं हाय ते, दुसरं काई न्हाई. रोज पहाटं उठून हल्लू गायला शिकलालते. म्हणलं, आवाज हाय, सुधारंल."

हिम्मतरावांनी हातातला माईक सतरंजीवर ठेवला.

"तुम्ही खरं बोललाव, चांगलं केलाव," ती म्हणाली. "पण ते पंधरा दिवस लै बरे गेलते, काका."